शुगर लो झाली तरी कळत का नाही? स्वतः मधुमेही असलेल्या डॉ. लॉरेन्स यांनी १९४१ मध्येच दिला होता इशारा

सोलापूर, डिजिटल डेस्क : घरात दहा-पंधरा वर्षे इन्सुलिन घेणारे कुणी असेल तर हे तुम्ही ऐकले असेल. पूर्वी शुगर ७० च्या खाली गेली की हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा. आता मीटरवर ५० दिसले तरी काहीच होत नाही. अंगाला सवय झाली, असे ते सहज सांगून टाकतात. ऐकणाऱ्यालाही बरे वाटते, पण ही चांगली खबर नाही. सवय झाली आहे ती धोक्याची घंटा न वाजण्याची. धोका होता तिथेच आहे.

ही गोष्ट जगापुढे स्पष्टपणे मांडणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांमध्ये एक नाव येते, डॉ. रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स. ते मधुमेहाचे डॉक्टर होते आणि मधुमेहाचे रुग्णही. मरण्याच्या तयारीने ते इटलीला गेले होते. एका तारेने परत आले आणि पुढे ४५ वर्षे इन्सुलिनवर जगले. त्यांच्या आयुष्याच्या आधाराने हा विषय समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- शुगर वारंवार कमी झाली की मेंदू ती कमी पातळी चालवून घेऊ लागतो आणि इशारा उशिरा देतो.
- घाम, थरथर, धडधड ही लक्षणे गायब होतात. थेट गोंधळ, बेशुद्धी किंवा झटके येऊ शकतात.
- काही आठवडे शुगर लो होऊ दिली नाही तर ही लक्षणे बऱ्याच अंशी परत येतात.

कोण होते डॉ. लॉरेन्स?

जन्म १८ नोव्हेंबर १८९२, स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन. वडिलांचा ब्रश बनवण्याचा चांगला चाललेला कारखाना होता. मुलाने आधी अ‍ॅबर्डीन विद्यापीठातून फ्रेंच आणि इंग्रजी घेऊन एम. ए. केले. मग लंडनला काकांच्या कापडाच्या दुकानात काम करून पाहिले. ते काही महिन्यांतच सुटले आणि ते वैद्यकीय शिक्षणासाठी अ‍ॅबर्डीनला परतले. अभ्यासात सुवर्णपदके आणि मैदानावर हॉकी, टेनिस, असा हा विद्यार्थी १९१६ मध्ये डॉक्टर झाला.

पहिले महायुद्ध सुरू होते. लॉरेन्स ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले आणि त्यांची नेमणूक झाली ती हिंदुस्थानच्या सरहद्दीवर. १९१९ मध्ये आमांशाने बेजार होऊन कॅप्टन या हुद्द्यावर ते मायदेशी परतले. त्यानंतर लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये कान-नाक-घसा विभागात शल्यचिकित्सक होण्याची वाट त्यांनी धरली.

हाडाचा एक कण आणि मधुमेहाचे निदान

साल १९२०. लॉरेन्स एका मृतदेहावर कानामागच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचा सराव करत होते. छिन्नीचा घाव बसला, हाडाचा कण उडाला आणि थेट उजव्या डोळ्यात गेला. डोळ्यात संसर्ग झाला आणि तो बरा होईना. तपासण्या केल्या तेव्हा मधुमेह निघाला. वय होते २८ च्या आसपास. शल्यचिकित्सक होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

त्या काळी या निदानाचा अर्थ काय होता, ते आपल्याकडच्या एका उदाहरणाने कळेल. लोकमान्य टिळकांनाही मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगवासात आणि नंतरही पथ्य पाळणे हाच त्यांच्या हातातला मुख्य उपाय होता. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे निधन झाले तेव्हा इन्सुलिनचा शोध लागलेला नव्हता. उतारवयातल्या मधुमेहात माणूस पथ्यावर काही वर्षे काढू शके. तरुणपणी अचानक येणाऱ्या, आज ज्याला टाईप १ म्हणतात त्या मधुमेहात मात्र शरीर इन्सुलिन बनवणेच थांबवते. अशा रुग्णाचे अन्न इतके कमी केले जाई की उपासमार आणि आजार यांतला फरकच उरत नसे. एवढे करूनही हाती लागत ती दोन-चार वर्षे.

लॉरेन्स यांना हे सगळे माहीत होते. काही काळ त्यांनी त्याच हॉस्पिटलच्या रसायन-विकृतिशास्त्र विभागात काम केले, मधुमेहावरच प्रबंध लिहिला. मग आपल्या मरणाचा भार घरच्यांवर नको म्हणून ते इटलीतील फ्लॉरेन्सला गेले. तिथे छोटी प्रॅक्टिस सुरू केली आणि शेवटाची वाट पाहू लागले.

एक तार आणि इटली ते लंडन प्रवास

तिकडे कॅनडातील टोरांटोमध्ये बँटिंग, बेस्ट, मॅक्लाऊड आणि कॉलिप यांचे काम सुरू होते. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याच महिन्यात अधिक शुद्ध केलेल्या अर्काने त्याची शुगर उतरली.

१९२२-२३ च्या हिवाळ्यात लॉरेन्स यांना ब्राँकायटिस झाला आणि मधुमेह हाताबाहेर गेला. १९२३ मध्ये त्यांचे लंडनमधील सहकारी, जीवरसायनतज्ज्ञ डॉ. जेफ्री हॅरिसन यांची तार आली. इन्सुलिन मिळाले आहे, ते काम करते, ताबडतोब या, असा तिचा आशय होता. अशक्त शरीराने लॉरेन्स मोटारीने युरोप ओलांडून निघाले. २८ मे रोजी ते हॉस्पिटलमध्ये पोहोचले आणि ३१ मे १९२३ रोजी त्यांनी पहिले इन्सुलिन घेतले. पुढे ते त्याच हॉस्पिटलमध्ये नोकरीला लागले आणि आयुष्यभर मधुमेहाचेच काम करत राहिले.

इन्सुलिन आले, सोबत नवा धोकाही आला

इन्सुलिनपूर्वी मधुमेह्याची अडचण एकच होती, वाढलेली शुगर. इन्सुलिनने दुसरी अडचण जन्माला घातली, कमी होणारी शुगर. टोरांटोच्या प्रयोगशाळेत इन्सुलिन टोचलेल्या सशांना झटके येत आणि ग्लुकोज दिले की ते सावरत. सुरुवातीच्या काळात इन्सुलिनची ताकद मोजली जाई ती सशांवरच्या याच परिणामावरून.

माणसांच्या बाबतीत अडचण अशी की घरी रक्त तपासण्याची सोयच नव्हती. रुग्ण लघवी तपासत. रसायन घालून उकळायची, रंग बदलला तर शुगर आहे असे समजायचे. ही तपासणी शुगर वाढलेली दाखवते. पण लघवीत शुगर नसेल तर रक्तातली शुगर योग्य आहे की धोकादायक पातळीवर उतरली आहे, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणजे शुगर लो झाल्याचे सांगणारे घरातले एकच यंत्र होते, रुग्णाचे स्वतःचे शरीर. थरथर, घाम, भूक, छातीत धडधड हाच त्या काळचा ग्लुकोमीटर.

डॉ. लॉरेन्स यांनी रुग्णांना या यंत्राचा वापर शिकवला. १९२५ मध्ये त्यांचे ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक आले. ते डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठी होते आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. आहाराचे अवघड हिशेब सोपे करण्यासाठी त्यांनी ‘लाइन’ पद्धत काढली. काळ्या रंगात लिहिलेल्या पदार्थांच्या एका वाट्यात १० ग्रॅम कर्बोदके, लाल रंगातल्या वाट्यात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. एक काळा आणि एक लाल मिळून एक लाइन. १९२६ मध्ये व्यायामामुळे इन्सुलिनचा परिणाम वाढतो यावर त्यांनी शोधनिबंध लिहिला. आज चालून आल्यावर शुगर का उतरते हे डॉक्टर समजावतात, त्यामागे हे जुने काम आहे.

१९३४ मध्ये त्यांनी आपले रुग्ण असलेले कादंबरीकार एच. जी. वेल्स यांच्यासोबत ब्रिटनमध्ये मधुमेहींची संघटना उभी केली. रुग्णांनी स्वतःच्या आजाराबद्दल शिकावे आणि हक्कासाठी एकत्र यावे, हा तिचा पाया होता. आजची ‘डायबेटिस यूके’ ती हीच.

१९४१ : लक्षात आलेली विचित्र गोष्ट

इन्सुलिनला जवळपास दोन दशके झाली होती आणि रुग्ण जगत होते. त्यामुळे पूर्वी कुणालाच दिसू न शकलेली गोष्ट लॉरेन्स यांना दिसू लागली. १९४१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ती मांडली. इन्सुलिन घेऊन वर्षे लोटली, कधी कधी पाच-दहा वर्षेच झाली, की शुगर लो होण्याचे रूप बदलते. आधी येणारा घाम आणि थरथर हा टप्पाच गळून पडतो. रुग्ण थेट पुढच्या टप्प्यावर जातो. बोलणे अडखळते, वागणे विचित्र होते, शुद्ध जाते. हा अपवाद नाही, जवळजवळ नेहमीचीच गोष्ट आहे, असे त्यांचे निरीक्षण होते.

हे लिहिताना ते स्वतः १८ वर्षे इन्सुलिनवर होते. ज्या शरीराला त्यांनी रुग्णांचा ग्लुकोमीटर बनवले होते, तोच मीटर काळाबरोबर बिघडतो, हे त्यांनी झाकून ठेवले नाही.

शरीरात नेमके काय होते?

मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज एकटा मेंदू वापरतो आणि त्याचा साठा त्याच्याकडे जवळजवळ नसतो. म्हणून रक्तातली शुगर उतरू लागली की शरीर एकामागून एक उपाय करते. निरोगी माणसातला क्रम साधारण असा :

- ८० ते ८५ (मि.ग्रॅ. प्रति डेसिलीटर) : स्वादुपिंड इन्सुलिन सोडणे कमी करते.
- ६५ ते ७० : ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरके वाढतात. ती यकृताला ग्लुकोज सोडायला लावतात.
- ५० ते ५५ : थरथर, घाम, धडधड, भूक ही लक्षणे जाणवतात; माणूस काहीतरी खातो.
- ५० च्या खाली : मेंदूचे काम बिघडू लागते. विचार सुचत नाही, चिडचिड, गोंधळ आणि पुढे बेशुद्धी.

टाईप १ मधुमेहात पहिली फळी नसतेच. टोचलेले इन्सुलिन एकदा आत गेले की शुगर उतरली म्हणून ते कमी होत नाही. दुसऱ्या फळीतले ग्लुकागॉनही काही वर्षांत साथ सोडते, कारण शेजारच्या पेशींतले इन्सुलिन कमी झाल्याचा इशारा त्याला मिळत नाही. टाईप २ मध्येही बरीच वर्षे इन्सुलिन घेतल्यावर असेच चित्र दिसू लागते. उरते ते अ‍ॅड्रेनलिन. तेच शुगर वर आणते आणि तेच धडधड, थरथर करून माणसाला सावधही करते.

इथे खरी गोम आहे. शुगर वारंवार लो झाली की अ‍ॅड्रेनलिन सुटण्याची पातळी खाली सरकते. पूर्वी ६५ ला वाजणारी घंटा ५० ला, मग ४५ ला वाजते. पण मेंदूचे काम बिघडण्याची पातळी तितकी खाली जात नाही. एक वेळ अशी येते की घंटा वाजण्याआधीच मेंदू गोंधळलेला असतो. मग घंटा वाजली तरी ती ऐकून साखर तोंडात टाकायची, हे सुचणार कुणाला?

कंट्रोल सिस्टीम शिकलेल्यांना हे लगेच कळेल. सेन्सर चालू आहे, पण त्याचा सेट पॉइंट चुकीच्या जागी सरकला आहे. तो उलट्या दिशेनेही सरकतो. ज्यांची शुगर कायम ३०० च्या घरात असते, त्यांना ती १०० वर आली तरी लो झाल्यासारखे वाटते. म्हणजे शरीर रोजच्या पातळीलाच नॉर्मल समजू लागते, मग ती पातळी बरोबर असो वा चूक.

एकदा लो झाली तरी फरक पडतो

लॉरेन्स यांनी जे पाहिले त्याचे कारण पुढच्या पिढीने शोधले. १९९१ मध्ये सायमन हेलर आणि फिलिप क्रायर यांनी निरोगी लोकांवर प्रयोग केला. दुपारी त्यांची शुगर मुद्दाम कमी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा उतरवली तेव्हा शरीराचा प्रतिसाद आणि लक्षणे दोन्ही कमी झाली होती. म्हणजे दहा वर्षे लागतातच असे नाही. आजची लो शुगर उद्याची घंटा मंद करते. उद्या पुन्हा लो होते, परवा घंटा आणखी मंद. असे हे चक्र आहे.

टाईप १ असलेल्या प्रौढांपैकी साधारण २० ते २५ टक्के लोकांमध्ये ही जाणीव कमी झालेली असते. अशांना दुसऱ्याच्या मदतीची गरज पडेल इतकी शुगर लो होण्याचा धोका सुमारे सहा पट असतो.

दिलासा देणारा भाग यापुढचा आहे. १९९३-९४ मध्ये काही गटांनी रुग्णांची शुगर काही आठवडे ते तीन महिने अजिबात लो होऊ दिली नाही. घाम, थरथर ही लक्षणे बऱ्याच अंशी परत आली, अ‍ॅड्रेनलिनही काही प्रमाणात सुधारले. ग्लुकागॉन मात्र परतले नाही. म्हणजे ही सवय मोडता येते. त्यासाठी शुगर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही काळ थोडी वर ठेवावी लागते.

सोलापूरकरांनी हे का लक्षात ठेवायचे?

ऊन : एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि सगळ्यांनाच घाम येतो. लो शुगरचा घाम उन्हाचा समजून सोडून दिला जातो. शंका आली की मीटर लावा.

वारी आणि उपवास : आषाढीला पालख्या आपल्याच जिल्ह्यातून पंढरपूरला पोहोचतात. दिवसभर चालणे, जेवणाच्या वेळा पुढे-मागे आणि गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीएवढेच, हे समीकरण धोक्याचे आहे. मोठ्या व्यायामानंतर रात्री आणि दुसऱ्या दिवशीही शुगर उतरू शकते आणि त्या वेळी शरीराचा प्रतिसादही मंद असतो. नवरात्र, श्रावण किंवा रमजानचे रोजे, उपवासाआधी डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

गोळ्या : धोका फक्त इन्सुलिनचा नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांनीही शुगर लो होते. वय जास्त असेल, किडनी कमजोर असेल तर अधिक. एकट्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर गोळ्या धडधड आणि थरथर झाकतात; घाम मात्र येतो.

रात्र आणि दारू : झोपेत शरीराचा प्रतिसाद मंदावतो. दारूमुळे यकृत नवीन ग्लुकोज बनवू शकत नाही. दोन्ही एकत्र आले तर सकाळी जाग न येण्याची भीती असते.

शुगर लो झाली तर काय करायचे?

- ७० च्या खाली असेल तर लक्षणे नसली तरी १५ ग्रॅम साखर घ्या : तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते.
- १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. वाढली नसेल तर पुन्हा तेवढेच घ्या. मग भाकरी, पोळी असे काही खा.
- माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.
- लक्षणे जाणवत नसतील तर गाडी चालवण्याआधी आणि झोपण्याआधी तपासणी कराच.
- मीटरवरचा प्रत्येक ७० खालचा आकडा लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. काही झाले नाही म्हणून लपवू नका. स्वतःहून औषध बंदही करू नका.
- घरच्यांनी लक्ष ठेवा. अचानक चिडणे, अडखळत बोलणे, शून्यात पाहणे हे रुग्णाला कळत नाही, तुम्हाला दिसते.

पुढे लॉरेन्स यांचे काय झाले?

१९५० मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ स्थापन झाला आणि डॉ. लॉरेन्स त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९२८ मध्ये त्यांचे लग्न झाले होते, तीन मुलगे होते. २८ व्या वर्षी ज्यांच्या हाती दोन-चार वर्षे उरली होती, ते २७ ऑगस्ट १९६८ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी गेले.

घरी वापरायचे ग्लुकोमीटर त्यांच्या मृत्यूनंतर आले. सतत शुगर मोजणारे आणि लो होण्याआधी मोबाइलवर अलार्म देणारे सेन्सर तर अलीकडचे. सेन्सर सगळ्यांना परवडत नाही, पण ग्लुकोमीटर आज बहुतेक मेडिकल दुकानांत मिळतो. लॉरेन्स यांच्या रुग्णांकडे शरीराच्या इशाऱ्याशिवाय दुसरे काही नव्हते. आपल्याकडे आहे. तेव्हा घरातले कुणी पुढच्या वेळी शुगर ५० असूनही काही होत नाही असे म्हणाले, तर आधी साखरेचे पाणी द्या आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. औषधाचा डोस बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)